खुंटीवरचा चष्मा

एसटीतून उतरल्यावरसुद्धा तिकीट जपून ठेवणारं एकच माणूस मी पाहिलं. बाई ते आठवडाभर पर्समध्ये ठेवत. मी एकदा हसून म्हटलं, "आता कोण विचारणार आहे?" तर म्हणाल्या, "आणि विचारलं तर? तेव्हा काय, तोंड दाखवू?" आठवडा झाला की त्या तिकिटाचे चार तुकडे करत; दोन एका केराच्या डब्यात टाकत, दोन दुसऱ्यात.

शहापूरला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, फोटो, लॅमिनेशन, सगळं करते. बाई राहायला वाशिंदला. तिथे झेरॉक्सच्या दुकानांना काय तोटा? पण वाशिंदमध्ये त्यांना सगळे ओळखत, आणि ओळखीचा माणूस आपला कागद वाचतो अशी त्यांची खात्री होती. म्हणून आसनगावपर्यंत गाडीने आणि पुढे रिक्षाने त्या माझ्याकडे येत. वर्षभरात आमचीही चांगली ओळख झाली, तेव्हा आता हिलाही सोडावं लागणार असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण सोडलं नाही. का ते मला कळलं नाही, आणि पुढे जे झालं त्यानंतर विचारायला माझी जीभ रेटली नाही.

मुरबाडच्या बाजूला एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. एवढ्या साध्या कामात घाबरण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. बाईंना विचाराल तर सगळंच. फोन वाजला की त्या 'हॅलो' म्हणत नसत, 'कोण पाहिजे?' म्हणत, आपण कोण ते आधी सांगायचं नाही. पोलिसांची जीप गेली की हात आपोआप पर्सकडे, आधार कार्ड आहे ना बघायला. माझ्या दुकानात कायम दाराजवळच्या खुर्चीवर बसत. आणि त्यांची एक म्हण होती, त्यांनीच केलेली: "भीती वाटली की आधी तारीख टाकावी." आलेल्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात तारीख. माझ्या दुकानाच्या बिलावर तारीख. एकदा तर मी दिलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा, 'मिळाली' म्हणून.

नोकरीतली एक गोष्ट त्या नेहमी सांगत. कचेरीतलं कपाट रंगवायला सरकवलं तर मागे एक बंद पाकीट सापडलं. बाई रुजू व्हायच्या आधीचं, कोणा गरिबाचा अर्ज. सगळे म्हणाले, "चुलीत घाला, कोणाला कळतंय." बाईंनी ते त्या दिवशीच्या तारखेला आवक केलं आणि साहेबांपुढे ठेवलं. झालं, आठ महिने चौकशी त्यांच्याच मागे. जग कसं असतं हे मला शिकवायला त्या ही गोष्ट सांगत. मी मनात म्हणायचे, बाई, कशाला सुखाचा जीव दुःखात घातलात?

अशा बाईने परदेशाशी संबंध जोडावेत याचं मला आजही नवल वाटतं. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. बाईंना ते आवडलं नसतं.

माळशेजच्या पायथ्याला एक पाडा आहे. होळीनंतर तिथे बोहाडा होतो. देवा-राक्षसांचे मुखवटे चढवून एकेक सोंग नाचत निघतं, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या घराकडे वेताळ. तो स्वतः मुखवटे करायचाही. कागद कुजवून, लगदा करून, वर रंग. हा म्हातारा एकदा बाईंच्या कचेरीत रद्दी मागायला आला होता. बाईंनी सरकारी रद्दी दिली नाही. "सरकारी कागद देवाच्या तोंडावर गेला तरी सरकारीच," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरची वर्तमानपत्रं घेऊन आल्या. तेव्हापासूनची ओळख. बाई बौद्ध, देव मानत नव्हत्या. पाड्यावर जाऊन त्यांनी कधी हात जोडले नाहीत. म्हाताऱ्यालाही त्याचं काही नव्हतं. पण असा हात असलेला माणूस उद्या गेला तर कुठेच नोंद नसेल, हे बाईंना सहन होत नव्हतं.

मग त्यांना कुठूनतरी एक छापील पान मिळालं. एका देशाची वकिलात छोट्या संस्थांना छोटी अनुदानं देणार होती. दोन देशांतल्या लोकांनी एकमेकांच्या कला पाहाव्यात, ओळख वाढावी, यासाठी. त्या देशातही थंडीत लाकडी मुखवटे घालून गावात फिरतात म्हणे. बाईंची एक महिला मंडळाची नोंदणीकृत संस्था होती. तिच्या नावाने अर्ज करायचं ठरलं. टाइप मी केला.

अर्जात एक प्रश्न होता: या उपक्रमाने दोन देशांचे संबंध कसे सुधारतील? बाईंनी दोन दिवस विचार करून उत्तर सांगितलं: "दोन देशांचे संबंध बिघडले असल्याचे आम्हांस कळविण्यात आलेले नाही. बिघडले असल्यास त्यात आमच्या संस्थेचा हात नाही." मी हसत सुटले. म्हटलं, बाई, हे काढा. त्या म्हणाल्या, "यात खोटं काय आहे ते दाखव." तसंच पाठवलं, आणि निवड झाली. वकिलातीतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या की ते उत्तर त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्यांना? म्हणजे कोणाकोणाला?"

परदेशी पैशाला आपण हात लावणार नाही, हे त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. तिकीट, पेटी, पाठवणी, सगळं वकिलातीने परस्पर करायचं. उपक्रमाचे दोन भाग होते. पहिल्या भागात तिकडचा एक मुखवटे कोरणारा पाड्यावर आला. दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा उंच माणूस. बाईंनी तो यायच्या आधी, आल्यावर आणि गेल्यावर अशी तीनदा पोलीस ठाण्यात वर्दी दिली. तो आणि म्हातारा पाच दिवस अंगणात समोरासमोर बसून काम करत होते. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं. निघताना त्याने म्हाताऱ्याला लाकूड कोरायची आपली एक पटाशी दिली आणि म्हाताऱ्याच्या बायकोच्या हातच्या भाकऱ्या बांधून नेल्या.

दुसरा भाग म्हणजे वेताळाने तिकडे जायचं. सहा आठवडे तिकडच्या संग्रहालयात ठेवायचं, त्यांच्या वहीत त्याची नोंद व्हायची, आणि बोहाड्याच्या आत परत. संक्रांत झाली आणि मी आणि बाई त्याला आणायला पाड्यावर गेलो.

तिथे म्हाताऱ्याने रीत सांगितली. सोंग पाड्याबाहेर गेलं तर त्याची खुंटी रिकामी ठेवायची नाही. नेणाऱ्याने तिथे आपली एक वस्तू टांगायची, ज्याच्याबिगर त्याचं अडतं अशी. सोंग परत आल्यावर वस्तू परत. मागे एकाने कोयता टांगला होता, तर त्याने सगळं भात शेजाऱ्याच्या कोयत्याने कापलं.

"नाही ठेवलं तर?" मी विचारलं.

"तर त्यो आपली जागा सोधत फिरतो," म्हातारा म्हणाला. "मंग कुनाच्या दारात उभा राहंल, सांगता येत नाय."

बाईंनी थोडा विचार केला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून खुंटीला अडकवला. मी म्हटलं, "बाई, पर्स ठेवा, छत्री ठेवा." त्या म्हणाल्या, "त्याच्यावाचून माझं अडत नाही." दुसरा चष्मा करून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "मग ठेवल्यासारखं काय राहिलं? मी देव मानत नाही गं, पण दिलेला शब्द मानते." घरी त्यांचा एक जुना चष्मा होता, रस्ता दिसण्यापुरता. अक्षर त्याने लागत नव्हतं.

बाई अंगणात पेटीचे फोटो काढून घेत होत्या तेव्हा मी आत होते. म्हाताऱ्याच्या बायकोने कणगीतून मूठभर भात घेतलं, खळ्यातली चिमूटभर माती घेतली, कागदात पुडी बांधली आणि मुखवट्याच्या आत, पाठच्या पोकळीत, खळ लावून वर कागद चिकटवून टाकला.

"लांबची वाट," ती म्हणाली. "उपाशी कसा धाडू? बाईला सांगू नको गो. ती त्याचा पन कागद मागंल."

मी हसले. खरंच हसले. दुकानात येऊन पेटीचा फॉर्म भरला. 'बियाणे, माती, वनस्पती आहेत का?' या रकान्यापुढे मी 'नाही' वर खूण केली, आणि मी जिथे बोट ठेवून दाखवलं तिथे बाईंनी सही केली. एरवी त्यांनी तो फॉर्म तीनदा वाचून मगच सही केली असती. या वेळी म्हणाल्या, "तू वाचलंस ना? मग झालं."

तोवर मला वाटायचं की मी भित्री नाही.

वेताळ गेल्यावर तेराव्या दिवशी ईमेल आला. बाई समोर बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत होतं, एकेका शब्दाखाली बोट ठेवून हळूहळू वाचत. पण आता ते काम माझं होतं. "वाच गं," त्या म्हणाल्या. मी मनात वाचलं. पेटी तिकडच्या विमानतळावर अडकली होती. तपासणीत मुखवट्याच्या आत दाणे आणि माती सापडली होती. फॉर्ममध्ये खोटी माहिती होती. दहा दिवसांत संस्थेने परवानगी दिली तर मुखवटा मागून कापून आतलं काढतील, नाही दिली तर मुखवटा जाळून टाकतील.

बाई वाट पाहत होत्या.

"पोचली पेटी," मी म्हटलं. "सुखरूप आहे."

"तारीख?"

तारीख मी खरी सांगितली.

"प्रिंट काढ."

प्रिंटही खऱ्या ईमेलचीच काढली. खोटा कागद बनवायची माझी छाती नव्हती, आणि खरा त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी कोपऱ्यात अंदाजाने तारीख टाकली, घडी घातली आणि हिरव्या फाइलीत ठेवली. जाताना म्हणाल्या, "बरं वाटलं बघ."

का सांगितलं नाही, याची कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली. बाई घाबरून मरतील. म्हातारा कापायला नाही म्हणेल आणि मग वेताळ जळेल. पण खरं कारण एकच होतं. खूण मी केली होती, माहीत असून केली होती, आणि मला माझीच भीती वाटत होती.

नऊ दिवस मी ते कोणाला बोलले नाही. दुकानाचा फोन वाजला की मीही 'कोण पाहिजे?' म्हणू लागले. पोलिसांची जीप स्टँडकडे वळली की मी मशीनमागे वाकून कागद भरल्यासारखं करायचे. त्यातच माझ्या मुलीला ताप आला, दोन दिवस उतरेना. मी शिकलेली बाई. पण डॉक्टरकडून येताना आपल्या दाराशी कोणी उभं आहे का, हे मी रस्त्याच्या वळणावरूनच बघितलं. कोणी नव्हतं. तरी बघितलं.

आणि बाई? त्या मजेत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं मी पाहिलं नव्हतं. एकदा तर आतल्या खुर्चीवर बसून चहा घेतला. म्हणाल्या, "खरं सांगू, अक्षर दिसत नाही तर जिवाला जरा आराम आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी दुसरं कोणीतरी वाचतंय." मी साखर ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

नवव्या दिवशी मी संस्थेच्या ईमेलवरून उत्तर पाठवलं. 'कापण्यास परवानगी आहे. माहिती नजरचुकीने राहिली.' खाली बाईंचं नाव लिहिलं. बटण दाबताना दिवसाढवळ्या मी शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

पुढे सगळं सुरळीत झालं. तिकडच्या त्या उंच माणसाला बोलावून, अधिकाऱ्यांसमोर त्याच्याच हाताने पाठ कापून घेतली. दाणे-माती जाळली. मुखवटा प्रदर्शनात लागला, त्याची नोंद झाली, आणि बोहाड्याला पाच दिवस असताना पेटी शहापुरात आली. प्रत्येक ईमेलची, माझ्या उत्तराचीसुद्धा, मी प्रिंट काढत गेले आणि बाईंना भलतंच काहीतरी वाचून दाखवत गेले. सुटले असं वाटायला हवं होतं. पण चष्मा परत मिळणार होता.

किन्हवलीमार्गे एसटीने सरळगाव आणि पुढे जीपने आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा भर दुपार होती. म्हाताऱ्याने मुखवटा दोन्ही हातांत घेतला. थोडा खालीवर केला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे नाही. त्याच्या बायकोने आत हात घातला आणि तिनेही माझ्याकडे पाहिलं. वेताळ खुंटीवर गेला. चष्मा बाईंच्या हातात आला.

बाईंनी तो पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आजूबाजूला असं पाहिलं की जणू पाडा नवाच बांधलाय. मग ओट्यावर बसल्या आणि हिरवी फाइल उघडली.

"सगळं एकदा वाचून घेते," म्हणाल्या. "मग दादांना पोच लिहून देते."

मी म्हटलं, "बाई, घरी जाऊन वाचा. जीप जाईल."

"जाऊ दे."

एकेका शब्दाखाली बोट ठेवून त्या वाचू लागल्या. ओठ हलत होते. पहिला कागद. दुसरा. मी समोर उभी होते आणि मला बसता येत नव्हतं. तो कागद चौथा होता हे मला पाठ होतं. तिसरा कागद त्यांनी खाली ठेवला, त्यावर दगड ठेवला. चौथा घेतला. बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तीनदा वाचलं त्यांनी. मग फाइलीतून, ज्याच्या खाली त्यांचं नाव होतं ते माझं उत्तर शोधलं आणि तेही वाचलं. मला वाटलं, आता या माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"दादा," त्यांनी हाक मारली. "तुमच्या सोंगाची पाठ तिकडे कापलीय. तुम्हांला न विचारता. परवानगी माझ्या नावाने गेलीय."

"बाई, मी..."

"तू थांब."

म्हातारा ओट्याच्या कडेला बसला. "हातात घेतला तवाच कललं. हलका लागला." मग म्हणाला, "कापला कुनी?"

"तो उंच माणूस आला होता ना, त्याने."

"मंग नीट कापला असंल," तो म्हणाला. उठून त्याने मुखवटा उलटा केला आणि पाठीवरच्या ठिगळावरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे वळला. "विचारलं असतंस तर मी व्हय बोललो असतो, बाय. जलन्यापरीस कापलेला बरा."

त्याची बायको दारात उभी होती. "दानं मी घातलं व्हतं," ती म्हणाली. "हिला मीच बोलले, सांगू नको."

"वहिनी, तुम्ही भुकेल्याला दिलं," बाई म्हणाल्या. "फॉर्मवर 'नाही' तुम्ही लिहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वकिलातीला स्वतःच्या हाताने मराठीत पत्र लिहिलं. 'फॉर्ममधली माहिती खोटी होती, परवानगीचा ईमेल मी लिहिलेला नाही, पण संस्था माझी आहे आणि जबाबदारी माझी आहे.' माझं नाव त्यात कुठे नव्हतं. हे मला पुढे वकिलातीतल्या मॅडमकडून कळलं, कारण त्या पत्राची झेरॉक्स बाईंनी माझ्याकडे काढली नाही. ते पाठवल्यावर आता चौकशी लागणार या धास्तीत त्या कितीतरी महिने होत्या. टपालवाला दिसला की रस्ता बदलत. चौकशी आली नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी पाड्यावरून आम्ही एसटीने शहापूरला परतलो. मी रडले, माफी मागितली, मुलीचा ताप सांगितला, सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. स्टँडवर उतरल्यावर मात्र थांबल्या.

"तू घाबरलीस, यात काही नाही," म्हणाल्या. "मी जन्मभर घाबरतेच आहे. पण चष्मा तिकडे ठेवला तेव्हा डोळे मी तुझ्याकडे ठेवले होते गं."

बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्या दिवसानंतरही त्या माझ्याच दुकानात येत राहिल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसत राहिल्या, मुलीची चौकशी करत राहिल्या. शेवटी शेवटी मोतीबिंदूने त्यांना काहीच दिसत नव्हतं. तेव्हा त्या कागद हातात धरून स्टँडकडे तोंड करून बसायच्या आणि आत येणाऱ्या कोणाही अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "बाळा, हे एवढं वाचून दाखवतोस?" मी तीन हातांवर उभी असायचे.